वीतभर डोंगर

एमान्याला जनाची लाज कधी नव्हतीच, आता मनाचीही उरली नाही, असं ओटिलियाचं म्हणणं होतं. आणि ते म्हणणं ती महिनाभर चर्चच्या पायरीवर, धान्याच्या कोठारावर नि पोस्टाच्या खिडकीशी, जो सापडेल त्याला ऐकवत होती.

एमानुएल म्हणजे तिचा धाकटा दीर. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, पण लग्न नाही की कार्य नाही. ओटिलिया लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा दहा वर्षांचा होता. नाक वाहायचं, चड्डी गळायची. तिनंच त्याचं नाक पुसलं, तिनंच टेबलावर पीठ पसरून त्यात बोटानं त्याला त्याचं नाव गिरवायला शिकवलं. ती स्वतः तिसरीपर्यंतच शिकलेली. जेवढं होतं तेवढं सगळं त्याला देऊन टाकलं. आणि आज तेच शेंबडं पोरगं तिच्या टेकाडाच्या मुळावर उठलं होतं.

"नुसता डोळा ठेवला असता तर म्हटलं असतं, जाऊ दे," ती पोस्टातल्या बाईला सांगायची. "मेल्यानं डोंगर रचलाय, डोंगर! वयनीच्या नाकासमोर!"

काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, अशी सपाट, की इथं कोंबडी खोक्यावर चढली तर शेजारच्या काउंटीतनं दिसावी. गहू, सूर्यफूल, गवत, आणि वारा. त्या सपाटीत ओटिलियाच्या कुरणात एक टेकाड होतं. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसं ते टेकाड. चढताना दम लागत नाही आणि उतरताना उतरल्यासारखं वाटत नाही. पण एकोणचाळीस साली सरकारी मोजणीदार आले, त्यांनी तिथं पितळी चकती ठोकली आणि सांगितलं, बाई, अख्ख्या काउंटीत याहून उंच जागा नाही. त्या दिवसापासून ओटिलियाची मान जी ताठ झाली ती झालीच.

शहरातल्या काही येड्यांना एक नाद असतो. प्रत्येक काउंटीतल्या सगळ्यात उंच जागेवर जाऊन उभं राहायचं. का, तर उभं राहायचं! असे वर्षाला दहा-अकरा जण ओटिलियाच्या फाटकातून यायचे, टेकाडावर उभे राहायचे, तिथं ठेवलेल्या कॉफीच्या डब्यातल्या वहीत नाव लिहायचे आणि खाली येऊन तिच्या टेबलावर कूखन खायचे. कूखन म्हणजे तिच्या हातचा केक. फुगवलेल्या पिठाच्या पोळीवर सायीचं नि अंड्याचं सारण, वर आलुबुखार. विस्कॉन्सिनचा एक दातांचा डॉक्टर पाच तुकडे खाऊन गेला होता आणि नाताळाला पत्रही पाठवलं होतं. ते पत्र तिनं साखरेच्या बरणीमागं उभं करून ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

तिची तीन लेकरं. एक डेन्व्हरला, एक मिनिॲपोलिसला, तिसरा अलास्काला. त्याच्याकडून वर्षाला एक माशाचं चित्र यायचं. नवरा गॉटहिल्फ पाच वर्षांमागं गेला. टेबलाला आठ खुर्च्या होत्या. ओटिलिया हे कुणाला बोलून दाखवायची नाही, पण त्या खुर्च्या आता त्या अकरा येड्यांच्या भरवशावर होत्या.

आणि नेमकी याच वर्षी काउंटी शंभर वर्षांची झाली. कचेरीतल्या डेलोरेसनं पुस्तक काढायचं ठरवलं. इतिहास, भूगोल नि लोकसंख्या, असे तीन भाग. डेलोरेस ओटिलियाकडं येऊन डोकं धरून बसली.

"काकू, इतिहास दीड पानात आटपला. आजे आले, टोळ आले, धूळ आली, गारा आल्या, रेल्वे आली, रेल्वे गेली. लोकसंख्या म्हणाल तर नऊ हजारांची तीन हजार झाली, ते लिहिताना माझाच हात कापतो. भूगोलात एकच शब्द आहे, सपाट. आता सगळी भिस्त तुमच्या टेकाडावर."

"मग लिही की! सगळ्यात उंच जागा, ओटिलियाचं कुरण. त्याला काय सोनाराची तराजू पायजे व्हय?"

"पण एमानुएलकाका म्हणतात, त्यांचं उंच आहे."

झालं. ठिणगी पडली.

कुंपणापलीकडं दीडशे पावलांवर एमानुएलचा एक उंचवटा होता. तिथं धोंड्यांचा ढीग होता. इथल्या भुईची एक खोड आहे. पेरा किंवा न पेरा, धोंड्यांचं पीक चुकत नाही. हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि खालचा धोंडा वर ढकलते. वसंतात बर्फ वितळलं की घरातलं लहानथोर रानात वाकतं, धोंडे वेचतं, फळ्यांच्या घसरगाडीवर घालतं आणि बांधाकडेला ओततं. असा हा ढीग वर्षानुवर्षं वाढलेला. त्यावर एमान्यानं या उन्हाळ्यात आणखी चार ट्रक ओतले, वरचे धोंडे नीट रचले, टोकावर एक काठी रोवली आणि काठीला आपली लाल बनियन बांधली.

ओटिलिया कुंपणापाशी उभी राहून ओरडली, "एमान्या! टेकाड देवानं केलं, धोंडे तू टाकलेस! त्याला उंची म्हंत न्हाईत, कचरा म्हंत्यात!"

पलीकडून उत्तर आलं, "वयनी, तुजं टेकाड बी बर्फानंच ओढून आणलंय, शाळेत सांगत्यात! बर्फानं वाह्यलं ते देवाचं, आन माज्या ट्रकनं वाह्यलं ते कचरा? दोगं बी हमालच की!"

"शाळेत तू किती दिस गेलास ते मला ठावं हाय!"

"तुज्यापरीस एक इयत्ता जास्त!"

हे तिला फार लागलं, कारण ते खरं होतं.

शेवटी पाद्री क्लाइन मधे पडले. पाद्री गरीब माणूस. म्हणाले, भांडू नका, मोजू या. सरकारी मोजणीदार आणायचा तर पुस्तक छापून होईल तरी तो येणार नाही. मग म्हाताऱ्यांची जुनी युक्ती काढली. पाण्याची पातळी! नळीत पाणी भरा, एक टोक इथं, एक तिथं. पाणी काही कुणाचा दीर नाही, की कुणाची वयनी नाही, ते दोन्हीकडं सारखंच उभं राहतं. तिथनं भुईपर्यंत फूटपट्टी लावा. ज्याच्याकडं पाणी भुईला जवळ, त्याची जागा उंच.

रविवारी चर्च सुटल्यावर बारा घरांनी बागेच्या बारा रबरी नळ्या आणल्या, हिरव्या, काळ्या, ठिगळ लावलेल्या. एकीतनं बेडूक निघाला. सगळ्या जोडल्या, दोन टोकांना दूध काढायच्या यंत्राच्या आरपार दिसणाऱ्या नळ्या बसवल्या. पाणी दिसावं म्हणून ओटिलियानं बीटाच्या लोणच्याच्या चार बरण्या ओतल्या. लोणचं गेलं तरी चालेल, पण एमान्या जिंकता कामा नये.

अर्धी काउंटी जमली होती. म्हणजे पन्नास-साठ माणसं. पण इथं साठ माणसं म्हणजे जत्रा.

ओटिलियाच्या चकतीवर पाद्री टोक धरून उभे राहिले, एमानुएलच्या ढिगावर डेलोरेस. दोघंही ओरडून बोलत होते, वारा निम्मे शब्द खात होता.

"पाणी थांबलं का?"

"हलतंय!"

"आता?"

"वर चाललंय! वर चाललंय पाद्रीबाबा! माझ्याकडं भसाभस वर चाललंय!"

आणि तेवढ्यात पाद्रींच्या टोकातूनही लाल फवारा उडाला तो थेट त्यांच्या पांढऱ्या गळपट्टीवर. बायका किंचाळल्या, कुणाला वाटलं रक्तच. मागं बघतात तर ओटिलियाची ठिपक्यांची गाय, बेर्टा, नळीवर पुढचे दोन्ही पाय देऊन निवांत रवंथ करत उभी.

एमानुएल धावत आला. "लबाडी! वयनीनं गाय शिकवून ठिवलीय!"

"तुला शिकवता शिकवता माजा जलम गेला," ओटिलिया म्हणाली, "गाईला कवा शिकवू?"

गाईला हाकललं, बुडबुडे काढले, बीटाची पाचवी बरणी ओतली. पाद्री गुलाबी गळपट्टीनं पुन्हा उभे राहिले. या खेपेला पाणी थांबलं. ओटिलियाकडं भुईपासून चाळीस इंच. एमानुएलच्या ढिगावर एकतीस.

नऊ इंच. वीतभर. एमान्याचा ढीग वीतभर उंच होता.

वाऱ्यानं लाल बनियन फडफडवली. एमानुएलनं टोपी काढली, परत घातली, परत काढली. जिंकल्यावर काय करायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

डेलोरेसनं पेन्सिल ओली केली. "मग काकू... लिहू?"

ओटिलिया कुंपणाच्या तारेखालून वाकून पलीकडं गेली, ढीग चढली आणि वर एका धोंड्यावर बसली. अडुसष्ट वर्षांचे गुडघे कुरकुरले. तिच्या डोळ्यांपुढं अकरा येडे दिसत होते, सगळे एमान्याच्या फाटकाकडं वळणारे. तो त्यांना काय देणार खायला? डब्यातल्या शेंगा?

बसल्या बसल्या तिची नजर पायाशी गेली. तिथं पावासारखा गोल, तांबड्या रेघेचा एक धोंडा होता. तिनं तो ओळखला. माणूस ओळखावा तसा ओळखला.

"आगं बया," ती म्हणाली. "ह्यो हितं कुठनं आला?"

मग ती खाली वाकली आणि दोन्ही हातांनी वरचे धोंडे बाजूला सारू लागली.

"ह्यो बगा! ह्यानं एक्कावन साली गॉटहिल्फच्या नांगराचा फाळ मोडला. लोखंडाचा चरा हाय अजून. आन ह्यो, ह्याच्यावर बसून म्या थोरलीला पाजलं, बुडाखाली खोलगट हाय, बसून बगा कुनाला पटत नसंल तर! आन ह्यो पायावर पडला, माजं नख गेलं. पाद्रीबाबा, ह्ये समदे माजे हायती! माज्या रानातले! चाळीस वसंत म्या वाकून वेचलेत!"

पाद्रींनी एमानुएलकडं पाहिलं. एमानुएलनं बुटाकडं पाहिलं.

"दादा टाकायचा," तो पुटपुटला. "म्हणायचा, आपल्या टेकाडावर नगं, घाण दिसतं, ओटिलिया बोलंल. म्हनून घसरगाडी कुंपणापल्याड रिकामी करायचा. माजे वरचे चार ट्रक तेवढे माजे."

"आन तू चाळीस वर्सं गप?"

"दादा यायचा ना त्या निमतानं," एमानुएल म्हणाला. "धोंडे वतायचा आन घटकाभर बसायचा."

ओटिलियानं कपाळावर हात मारला. नवऱ्यानं चाळीस वर्षं चोरून केलं काय, तर धोंडे टाकले!

"आयत्या बिळावर नागोबा!" ती गरजली. "काका, मामा, समद्यांनी बगा! धोंडे माजे, पाठ माजी मोडली, आन बनियन ह्याची फडकतीय!"

लोक हसले. कुणी म्हणालं, धोंडे परत न्या. कुणी म्हणालं, ट्रक आणू का? आणि हे चाललं असताना ओटिलियाच्या हाताला काठीच्या बुंध्याशी दगडांत खोचलेला एक डबा लागला. कॉफीचा डबा. तिच्यासारखाच. आत वही.

"वयनी, ते नगं," एमानुएल पुढं झाला. "ते ठिव खाली."

तिनं पाठ वळवून वही उघडली. बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत वाचू लागली. पहिल्या पानावर एमानुएल. खाली दुसऱ्या तारखेला एमानुएल, पेन्सिल वेगळी. मग एक एमानुएल मिनेसोटाहून आलेला. त्यानं लिहिलं होतं, जागा फार छान आहे. मग एक कॅन्ससचा, बायकोसह. मग पुन्हा इथलाच. सगळ्यांच्याच शेवटच्या अक्षराचा पाय कोंबडीनं उकरल्यासारखा खाली ओढलेला, पिठात गिरवायचा तस्साच; तिनं शंभरदा पुसलं होतं तरी सुधारला नव्हता. दुसऱ्या कुणाचंही नाव वहीत नव्हतं.

"काय लिहिलंय काकू?" डेलोरेसनं विचारलं.

"काय न्हाई. गिचमीड हाय." तिनं वही मिटून डब्यात घातली, झाकण घट्ट बसवलं आणि डबा होता तिथं खोचून ठेवला. मग एप्रनला हात पुसले, उठून उभी राहिली, काठीवरची लाल बनियन सोडली आणि घडी करून काखेत धरली, कारण बनियनच्या बगलेत भोक होतं आणि असलं भोक काउंटीच्या माथ्यावर शोभत नव्हतं.

सगळे खालून वर बघत होते. एमानुएल सगळ्यात खाली उभा होता, टोपी हातात, कान लाल, दहा वर्षांचा असताना उभा राहायचा तसा.

"एमान्या, आईक," ओटिलिया म्हणाली. "येक धोंडा हलवायचा न्हाई. येकदा उचलून माजी पाठ गेलीय, दुसऱ्यांदा उचलायला म्या गाढव न्हवं. पुस्तकात जाईल ते असं: काउंटीतली सगळ्यात उंच जागा म्हंजी ओटिलियाचे धोंडे, एमान्याच्या उरावर. पाव्हणं येतील ते माज्याच फाटकातनं, आन खातील ते माज्याच टेबलावर. वर घेऊन जायचं काम तुजं, आन बनियन घालून न्हवं, शर्ट घालून. आन त्यो कॅन्ससचा जो कुणी एमानुएल हाय ना, त्याला निरोप दे. म्हनावं, बायको नसली तरी चालंल, पण दर आयतवारी जेवायला येत जा. उपाशी दिसतोय मेला."