कल्ल्यांवरचे ठिपके

डॉक्टर श्रीपाद तीस वर्षं रायपुरात लोकांच्या कातडीचे रोग ओळखत आले होते. म्हणून घरच्या गोल्डफिशवर पांढरे ठिपके दिसताच त्यांनी कुणालाही न विचारता टाकीत औषध सुरू केलं. आठ दिवसांत एक ठिपका जाईल तर शपथ! शेवटी चडफडत, मासा बरणीत घालून ते बूढापारा मोहल्ल्यात सोनियाच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेले.

बारावीही न झालेल्या सोनियानं बरणी उजेडात धरून सावकाश फिरवली.

"डॉक्टरसाहेब, शेपटीवर एक तरी ठिपका दिसून राहिला का? सारे कल्ल्यांवरच आहेत. दवा बंद करा. हा बिमार नाही, वयात आला. याले बायको पाहिजे."

श्रीपादांनी स्टूल ओढलं आणि खिशातून प्रिस्क्रिप्शनचं पॅड काढलं.

"आता माशांचे खरे रोग सांग, बेटा. मी लिहून घेतो."