बारा रुपयांची वाळू

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं? आमच्याकडं एकाच वर्षात दोन्ही निघालं, आणि दोन्हींत मी हात घातला. ऐकायचंच असेल तर ऐका, पण मध्ये मध्ये 'अगं बाई, असं कसं केलंस' करू नका. ते मी माझं मला विचारून विचारून थकले आहे.

आमचं गाव रेवदंड्याजवळ, खाडीच्या काठाला. दर्या इतका जवळ की जोराचा वारा सुटला तर ओठांना मीठ लागतं. अशा गावात कुडाचं स्वयंपाकघर म्हणजे काय, ते त्यात रांधणारीलाच ठाऊक. कारवीच्या काठ्या, वर शेणमाती. दर पावसाळ्यात ते खालून कुजायचं आणि दर दिवाळीला मी लिंपायचे. बरणीतल्या मिठाचं पाणी व्हायचं. आगपेटीची काडी ओढली की गूल गळून पडायचा आणि हातात नुसती काडी. लाकडं ओली, धूर कोंडलेला. फुंकून फुंकून माझे डोळे असे व्हायचे की पाणवठ्यावर बायका विचारायच्या, सखू, घरात कुणी गेलं का गं?

सासूनं हीच चूल माझ्या हाती दिली आणि स्वतः ओटीवर जाऊन बसली. आमच्यात रीतच आहे ती. सून उंबरा ओलांडून आली की चूल तिची. सासूनं तोंडानं काय सांगायचं ते सांगावं, हात लावू नये. तेवीस वर्षं मी त्या कुडाशी भांडले. मला एक कोरडी भिंत हवी होती. पाटल्या मागितल्या नाहीत, नथ मागितली नाही.

माझा नवरा, आमच्या अंबाजीचा बा, भातगिरणीत मापारी. आठवडाभर तिकडं, शनिवारी संध्याकाळी घरी. दुनियेचं भात मोजणारा माणूस, घरातही मोजल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही. दर वर्षी शिमगा सरला की पाटी घेऊन बसायचा, स्वयंपाकघराचा खर्च मांडायचा, खाली बेरीज करायचा आणि म्हणायचा, "फुडल्या साली." मग थुंकी लावून पाटी पुसायचा. अशी मी कितीतरी स्वयंपाकघरं पुसलेली पाहिली.

त्या साली आमच्या अंबाजीचं लग्न ठरलं. पोरगा मुंबईला गोदीत. मुलगी माणगावकडची, नाव कोकिळा, वैशाखातला मुहूर्त. वैशाखाच्या आत भिंती उभ्या राहिल्या तर ठीक, नाहीतर नव्या चुलीवरची पहिली भाकर दुसरीच कुणी थापणार. लाज वाटते सांगायला, पण मनात होतं ते होतं. आणि त्या पोरीच्या हातात कुजका कूड द्यायचा नाही, हेही होतं. दोन्ही खरं.

भिकू गवंड्याला बोलावलं. शांत माणूस, तोंडात कायम सुपारीचं खांड. अंबाजीच्या बानं पाटी मांडीवर घेतली. जांभ्याचे चिरे अठ्ठावीस रुपये, शिंपल्यांचा चुना पंधरा, कौलं चोवीस, वासे अठरा, गवंडी आणि मजूर मिळून तीस. एकशे पंधरा झाले. गाठीलाही एकशे पंधराच होते. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलून टाकला.

"आन् वाळू?" भिकू म्हणाला.

"वाळू काय, किनाऱ्यावर फुकट पडलीय," अंबाजीचा बा म्हणाला.

"ती खारी. ती चालायची न्हाय. रोह्याकडनं खाडीनं पडावात नदीची वाळू येती, गोडी, ती पायजे. बारा रुपये."

"आन् खारी घातली तर?"

"तर भिंतीच्या पोटात मीठ जाईल. मीठ हवेतलं पाणी वढतं. मग बसा जन्मभर पुसत."

झालं! अंबाजीच्या बानं बोट थुंकीला लावलं. "मग फुडल्या साली."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आवं, फुडल्या साली मी मेले तर चितेवर रांधू का? वाळूचं मी बघते. माझं हायत बारा रुपये, अंडी विकून जमवलेलं."

दोघंही माझ्याकडं बघतच राहिले. नवरा म्हणाला, "बघ भिकू, आमची सखू सावकारीण निघाली." इतक्या वर्षांत असं कौतुक पहिल्यांदा झालं माझं. शेजारच्या आवडाबाईनं कुंपणावरून ऐकलं आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं, सखू पदरच्या पैशानं वाळू आणतेय.

गाडग्यात होते तीन रुपये दोन आणे.

मग काय करते? बाळाजी गाडीवाल्याला दोन पायली तांदूळ दिले आणि किनाऱ्यावरून सहा गाड्या वाळू आणवली. वरच्या अंगाची, जिथं भरती पोचत नाही तिथली. म्हटलं, एवढे पावसाळे खाल्लेत हिनं, मीठ धुऊन गेलं असेल. शिवाय विहिरीचं पाणी शेंदून शेंदून मी त्या ढिगावर ओतलं. चार दिवस, दुपारभर. खांदे गळून आले. भिकू तेव्हा बहिणीच्या गावी गेला होता, तो यायच्या आदल्या दिवशी देवळाच्या पाराच्या कामातून उरलेली नदीची वाळू मागून आणली, दोन टोपल्या, आणि ढिगावर पसरली. हे शेवटचं जे केलं ना, तिथं माझं मला कळायला हवं होतं. वाळू धुऊन गोडी झाली असती, तर वर दुसरी पसरायला मी कशाला गेले असते?

भिकूनं येऊन वरची चिमूट जिभेवर टेकवली. "गोडी हाय," म्हणाला, आणि कामाला लागला.

चैत्र संपता संपता स्वयंपाकघर उभं राहिलं. चिऱ्याच्या भिंती, आतून चुन्याचा पांढरा गिलावा, वर कौलं, चुलीच्या डोक्यावर धूर जायला झरोका. दहा दिवस मी तिथं रांधलं. भाकर थापायची आणि भिंतीला पाठ टेकायची. कोरडी ठणठणीत! आवडाबाई रोज काहीतरी निमित्त काढून बघायला यायची. माझ्या आयुष्यातले ते दहा दिवस कुणी मला परत देत असेल तर अजून घेईन.

वैशाखात लग्न झालं. कोकिळा आली. सोळा-सतरा वर्षांची, बारीक चणीची, बोलणं कमी. मी रीतीप्रमाणं तिच्या हातात पळी दिली आणि ओटीवर जाऊन बसले. अंबाजी आठ दिवस राहून मुंबईला गेला. पोरगी कामाला वाघीण होती, खोटं कशाला बोलू? मीच उगाच ओटीवरून ओरडायचे, मीठ जास्त झालं, फोडणी करपली. नव्या घरात ती होती आणि बाहेर मी होते, त्याचा राग.

आषाढात भिंतीला घाम फुटला. आधी खाली, वीतभर. मग चुलीमागं. गिलाव्यावर पांढरी भुकटी आली, पोपडे सुटायला लागले. पावसाळ्यात गिरणी बंद, अंबाजीचा बा घरीच. त्यानं भिकूला बोलावणं धाडलं आणि ओटीवरच फैलावर घेतलं. "चुना खाल्लास तू माझा! तुझं ऱ्हायलेलं आठ रुपये इसर आता."

भिकू आत गेला, भिंतीवर बोट फिरवलं, जिभेला लावलं. "वाळू खारी हाय," म्हणाला.

"तूच चाखून घेतलीस ना रं?"

"मी वरची चाखली," भिकू म्हणाला, आणि माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी पदर सारखा केला आणि खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले. तो तसाच भर पावसात निघून गेला. गरीब माणसाचे आठ रुपये माझ्या जिभेवर होते आणि माझं तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर सावकारीण म्हणणारं गाव काय म्हणालं असतं?

बरं, तिथंच संपतं तरी पुष्कळ होतं. पण त्याच पंधरवड्यात आमची दुभती शेळी मेली आणि अंबाजीचा बा बांधावर घसरून पाय मुरगाळून बसला. आवडाबाई लंगडणाऱ्याची चौकशी करायला आली आणि भिंतीकडं बघून हळूच म्हणाली, "नवी भिंत अशी रडती व्हय कधी? मला तर बाई सुनेचा पायगुण वाटतो."

म्हणायला एक जीभ लागते, पसरायला वारा पुरतो. चार दिवसांत पाणवठ्यावर तेच. लग्नात ज्या बायकांनी तिला ओवाळलं, त्या आता तिची घागर भरेपर्यंत दूर उभ्या राहायच्या. आणि अंबाजीचा बा, मापाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा माणूस, पायाला हळद बांधून घेता घेता मला म्हणाला, "वैशाखापतुर समदं ठीक व्हतं, न्हाय का गं?"

मी हूं म्हटलं. हूं!

एकदा पहाटे मला जाग आली. आत कसलासा आवाज, म्हणून दारातून बघितलं. कोकिळा फडकं घेऊन भिंत पुसत होती. खालपासून वरपर्यंत, बाळाचं अंग पुसावं तशी, आवाज न करता. मला बघून दचकली, फडकं पाठीमागं लपवलं.

"आत्याबाई, मी पानी सांडत न्हाय वो," ती म्हणाली. "आईची आन. भांडी पन मी भायेर घासते आता. तरी कसं येतं कळत न्हाय. मामंजी उठायच्या आदी रोज पुसून घेते मी. आमच्याकडं पाऊस लई, पर अशी भिंत कदी बघितली न्हाय. माजंच कायतरी चुकत असंल."

तेव्हा सांगायचं होतं. दोन शब्द. तोंडाशी आले होते. आणि मी काय म्हटलं? "हळू पूस. गिलावा निघंल." आणि अंथरुणावर जाऊन पडले.

श्रावणात, नागपंचमीच्या दोन दिवस आधी, अंबाजीच्या बानं फर्मान काढलं. पोरीला माहेरी पोचवायचं. पंचमीचं निमित्त, पण आणायला कधी जायचं ते काही बोलला नाही. लग्नाला आलेला आवडाबाईचा भाऊ सांगत होता ते मला आठवलं, त्यांच्या गावात अशीच एक माहेरी पोचवलेली बाई, बारा वर्षं झाली, अजून तिथंच दळतेय. सकाळी उठून कोकिळानं भाकऱ्या केल्या, चूल सारवली, भिंत पुसली, गाठोडं बांधलं आणि माझ्या पाया पडायला वाकली.

मला नाही सहन झालं. तिचा हात धरून मी ओटीवर आले. अंबाजीचा बा बसला होता, आवडाबाई निरोप द्यायला म्हणून, खरं तर बघायला म्हणून, आली होती. मी म्हटलं, "वाळू खारी व्हती. मी आणली. माज्याकडं बारा रुपये कवाच नव्हतं. वर दोन टोपल्या गोडी पसरून भिकूला फसवलं. भिंत माज्यामुळं रडतीय. या पोरीचा काय संबंद न्हाय."

एका दमात बोलले. खरं सांगते, छातीवरचं जातं उतरलं असं वाटलं. वाटलं, आता पोरगी रडेल, गळ्यात पडेल, आणि आम्ही दोघी मिळून ती भिंत खरवडून काढू.

अंबाजीचा बा मग आत गेला, आठ रुपये कनवटीला लावून बाहेर आला आणि कोकिळाकडं न बघताच म्हणाला, "आता जायाचं कारन न्हाय पोरी. गाठोडं सोड." आणि लंगडत भिकूकडं निघाला.

कोकिळा माझ्याकडं बघत होती.

"त्या पहाटंला तुमी मला भिंत पुसताना बघितलं," ती म्हणाली.

"बघितलं."

"तवा ठावं व्हतं तुमाला?"

"व्हय."

तिनं मान हलवली. रागावली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मी पाय धरले असते तिचे. तिनं गाठोडं उचललं. मी म्हटलं, "अगं, मामंजींनी सांगितलं ना ऱ्हा म्हणून?"

"मगा त्ये मला धाडत व्हते," ती म्हणाली. "आता माजी मी जाते."

पावसाची सर नुकतीच थांबली होती. ती खाचरांच्या बांधावरून गेली, भातरोपांमधून, तोल सावरत. पार वडापर्यंत दिसत होती. मागं वळून बघितलं नाही. बघावं तरी कशाला?

मी आत आले. चूल माझी झाली होती परत, कुणी अडवणारं नव्हतं. तिथंच खाली बसले आणि पोटभर रडले. किती वेळ गेला कोण जाणे. आवडाबाई आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि समजूत काढत म्हणाली, "जाऊ दे गं सखू, गेली ते बरंच झालं. वाळू खारी आसंल न्हायतर गोडी, शेवटी पायगुण म्हणून कायतरी असतोच की."

"असतो ना," मी म्हटलं. "माझा हाय तो, आवडे. तेवीस वर्षं झाली मला या घरात येऊन, आता कुठं कळला."