आठवं दाभण

मित्रांनो, जरा बेतानं बसा. कोपऱ्यावर नको, मधोमध बसा. मी एक जुनी गादी आहे. परतवाड्याच्या पिंजाऱ्याघरची, अस्सल रुईची. पोटात फोमचा एक तुकडा सापडला तर नाव बदलेन. माझ्या उजव्या कोपऱ्याजवळ तो तपकिरी डाग दिसतो ना, तो चहाचा नाही. आज त्या डागाचीच गोष्ट सांगते. सांगताना अजूनही माझी रुई आखडते, कारण माझा स्वभावच मेला भित्रा. पण त्या दिवशी माझ्या जागी कोणीही असतं, तरी घाबरलंच असतं.

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता. लोकांनी लग्नं पुढं ढकलली होती, आणि लग्नं नाहीत म्हटल्यावर नव्या गाद्या कोण भरणार? जहीरभाईंची धुनकी, म्हणजे रुई पिंजायचं ते मोठं धनुष्य, खुंटीला टांगलेली होती आणि तिच्यावर कोळ्यानं संसार मांडला होता. शेजारच्या खुशालरावांचा कापूस तर पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून पडला होता. खुशालराव दिवसभर त्या ढिगाला टेकून बसायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. मध्ये एकच भिंत, तरी कोणी काही विचारत नव्हतं. कसं विचारायचं, असं प्रत्येकाला वाटायचं.

अशात संक्रांत उलटल्यावर धामणगाव रेल्वे नावाच्या गावाहून एक जीप आली. तिथल्या एका बंद पडलेल्या, कापसाची सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात टीव्हीचा खेळ होणार होता. नाव ‘अडथळ्यांचा आखाडा’. सात देशांचे सात खेळाडू येणार, फिरत्या ओंडक्यांवरून पळणार, घसरणार, पडणार आणि दुनिया टीव्हीवर बघून हसणार. पडणाऱ्यांसाठी मुंबईहून निघालेले फोमचे गठ्ठे वाटेतच अडकले होते. म्हणून मॅनेजर गाद्यांच्या शोधात आला होता.

“आठ दिवसांत चोवीस गाद्या,” तो म्हणाला.

जहीरभाईंनी धुनकीवरचा कोळी उडवला. रुई कोणाची? खुशालरावांच्याच कापसाची, सरकी काढून आणलेली. जहीरभाई पिंजत. त्यांची बायको खुर्शीदबी खोळी शिवून गाद्या भरी. खुशालरावांच्या आशाबाई भिंतीपलीकडून मदतीला येत. आठ दिवस त्या अंगणात बर्फ पडल्यासारखी रुई उडत होती. मी सगळ्यांत शेवटची, चोविसावी. माझ्या वेळेला खोळीचं कापड कमी पडलं, म्हणून एका कोपऱ्याला खुर्शीदबीनं आपल्या हिरव्या ओढणीचा तुकडा जोडला. मला त्याचा फार तोरा होता.

आता नीट ऐका, कारण घोळ इथंच झाला. गादी भरल्यावर अंगभर टाके घालतात, म्हणजे आतली रुई सरकत नाही. त्यासाठी वीतभर लांब, जाड सुई लागते. तिला दाभण म्हणतात. खुर्शीदबीकडे पत्र्याच्या डबीत अशी आठ दाभणं होती. काम संपलं की ती मोजायची आणि मगच गादी उंबऱ्याबाहेर काढायची, असा तिच्या सासूचा दंडक होता.

दिवस मावळत होता. माझा शेवटचा टाका घालायला खुर्शीदबीनं दाभण खुपसलं आणि लाईट गेली. त्या वर्षांत लाईट जायला निमित्त लागत नसे. तिकडे मशिदीत अजान सुरू झाली. अंधारात तिनं ओढलं, दोरा तटकन तुटला आणि दाभण माझ्या पोटातच राहिलं. तिला वाटलं, टाका बसला, दोरा कापला गेला. ती कंदील लावायला आणि नमाजाला आत गेली.

जहीरभाईंनी समजलं की काम झालं. त्यांनी मला गुंडाळलं आणि दोरीनं करकचून आवळलं.

“अहो, थांबा! पोटात लोखंड आहे!” मी ओरडले. पण गादीचं कोण ऐकतं? दाभण आडवं होतं, ते आवळल्यामुळे तिरपं झालं.

खुर्शीदबी बाहेर आली आणि कंदिलाच्या उजेडात दाभणं मोजू लागली. सात. परत मोजली. सातच.

“आठवां कहाँ गया?” जहीरभाईंनी विचारलं.

“आशाबाई ले गई थी ना दोपहर को, बोरा सीने. उसके पासच होगा.”

“तो मांग ले.”

“अब? उसके घर में दिया लग गया. दिया लगने के बाद सुई मांगते क्या कोई?”

मित्रांनो, दिवेलागणीनंतर सुई मागू नये आणि मीठ देऊ नये, ही रीत भिंतीच्या दोन्ही बाजूंना होती. पलीकडे लक्ष्मी जाते म्हणत, अलीकडे बरकत जाते म्हणत. सुई मात्र दोन्हीकडे जागची हलत नसे. त्यातून त्या घरात आधीच सगळं उदास. तिथं अवेळी जाऊन सुई मागायची आणि आणखी अपशकुन करायचा, हे खुर्शीदबीच्या जिवावर आलं. तिनं डबी मिटली. मी रात्रभर धडधडत पडून राहिले.

पहाटे ट्रक आला. आम्हा चोवीस जणींना टाकून, जहीरभाईंना पुढं बसवून तो निघाला. यानंतर घरी काय झालं ते मला मागाहून कळलं. माझ्यावर बसूनच त्या दोघींनी ते शंभरदा सांगितलंय.

उजाडल्यावर खुर्शीदबीनं भिंतीवरून हाक मारली. “आशा, माहं दाभण दे वं.”

“कोनतं दाभण? मी तं काल दुपारीच डब्बीत ठेवलं. तू गाठ मारून राहिली होती, तुयाच समोर ठेवलं.”

खुर्शीदबीनं डबी ओतून पुन्हा मोजली आणि रडायलाच लागली. “माय वं! मंग ते गादीत गेलं, आशा. शेवटच्या गादीत. वरून कोनी पडलं तं आरपार जाईन!”

एसटीडीवरून त्यांनी मॅनेजरचा नंबर लावला. नुसता वाजत राहिला. तेव्हा आशाबाईंनी पदर खोचला. “रडत काय बसली? चाल. आठची अमरावती गाडी भेटन, तिथून धामनगावची.”

आणि इकडे माझी काय दशा होती म्हणता! आवारात दोन पुरुष उंचीवर तीन जाडजूड ओंडके बसवले होते. मोटारीनं ते गरगर फिरत. खाली आम्हा चोवीस जणींना लावलं. मी नेमकी तिसऱ्या ओंडक्याखाली आले. माझ्या नशिबात आणखी कुठली जागा असणार!

खेळाच्या आधी एक पोरगी आपण कुठं पडणार ते बघायला आली. गुलनोरा तिचं नाव, उझबेकिस्तानची. दोन वेण्या, नाक ऊन लागून लाल झालेलं. तिनं माझ्यावर तळहात दाबला, चिमटीत खोळ धरून आतली रुई चाचपली आणि खुदकन हसली. तिच्याही मुलखात कापूस पिकतो म्हणे, आणि ते तिच्या बोटांवरून कळतच होतं. तिचा हात दाभणापासून चार बोटांवर होता. अगं बये, जरा इकडं दाब, तुला टोचू दे, थोडंसं टोचू दे, म्हणजे तुझा जीव तरी वाचेल, असं मी मनात घोकत होते. पण ती उठली, मला दोनदा थोपटलं आणि गेली.

मग माणसं आली आणि आमच्या सगळ्यांवर एकच मोठी निळी ताडपत्री पसरली. टीव्हीत छान दिसावं म्हणून! माझा हिरवा कोपराही झाकला गेला. आता मला कोणी ओळखणार नव्हतं.

शिट्टी झाली. जपानचा खेळाडू पहिल्याच ओंडक्यावरून घसरून पडला. ब्राझीलचा धिप्पाड गडी तिसऱ्यापर्यंत आला आणि धाडकन माझ्या शेजारणीवर आदळला. त्या हादऱ्यानं दाभण सरळ उभं राहिलं. त्याचं टोक खोळीतून वर येऊन ताडपत्रीला टेकलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. दोघेतिघे आणखी पडले, पण अलीकडे. शेवटचा नंबर गुलनोराचा होता.

फाटकावर तेव्हा वेगळाच तमाशा चालू होता. राखणदार देवमन धामणगावचाच होता. त्यानं दोघींना काठी आडवी केली. “आत नाही जाता येत, बाई. शूटिंग सुरू हाय.”

“गादीत दाभण राह्यलं, भाऊ,” खुर्शीदबी हात जोडून म्हणाली. “मायाच हातानं राह्यलं. कोनाची तरी पोरगी मरन.”

देवमनची आई गोधड्या शिवायची. दाभण म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं काठी बाजूला केली आणि स्वतःच पुढं पळाला.

मॅनेजर मात्र हसला. “चोवीस गाद्यांत एक सुई? कमाल करता! ढग येताहेत, दहा मिनिटांत उजेड जाईल माझा.”

“तुहा उजेड गेला चुलीत!” आशाबाई म्हणाल्या.

तोवर वर गुलनोरा पहिल्या ओंडक्यावर चढली होती. खुर्शीदबीनं चपला काढल्या आणि ती ताडपत्रीवर उतरली. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, दोन्ही हातांनी गाद्या चाचपत रांगू लागली. लोकांना वाटलं, हाही खेळच. हशा पिकला, शिट्ट्या पडल्या. एका कडेनं जहीरभाई धावले. त्यांना अर्धवटच कळलं होतं, तरी तेही गुडघ्यांवर बसले.

गुलनोरा दुसऱ्या ओंडक्यावर आली. मग तिसऱ्यावर. पाय लटपटू लागले.

आशाबाई तिच्या बरोबर खाली उभ्या राहिल्या आणि पदर हलवून ओरडल्या, “पडू नको वं माय! धरून राय! घट्ट धरून राय!”

भाषा कशाला लागते? खाली दोन म्हाताऱ्या जिवाच्या आकांतानं काही सांगताहेत, एवढं त्या पोरीला दिसलं. ती पळायची थांबली आणि ओंडक्याला हातापायांनी मिठी मारून बसली. ओंडका तिच्यासकट फिरू लागला, एकदा वर, एकदा खाली. देवमन मोटार बंद करायला धावला, पण बटण कुठं आहे हेच त्या गडबडीत त्याला सापडेना. तिचे हात सुटत चालले होते.

इकडं, खुर्शीदबी, इकडं! मी इथं आहे! सगळी रुई एकवटून मी म्हणत होते.

ती माझ्यावर आली. तिनं तळहात दाबला आणि टोक कचकन आत रुतलं. दुसरं कोणी असतं तर हात झटकून मागं झालं असतं. तिनं हात तिथंच दाबून धरला, नाहीतर जागा पुन्हा हरवली असती. “मिल गया!” ती ओरडली. जहीरभाईंनी ताडपत्रीचं छिद्र फाडलं, आणि तिनं ओढणीत टोक धरून वीतभर दाभण सर्रकन बाहेर खेचलं. तिच्या तळहाताचं रक्त माझ्या कोपऱ्याजवळ ठिबकलं, तोच हा डाग. दोघं लोळतच बाजूला झाले.

आणि त्याच जागी गुलनोरा वरून धप्पकन पडली.

मी तिला झेललं, मित्रांनो. खुशालरावांच्या कापसानं, जहीरभाईंच्या पिंजण्यानं, खुर्शीदबीच्या टाक्यांनी झेललं. केसालाही धक्का लागला नाही. पोरगी खेळ हरली होती. उठली तेव्हा ती चिडलेली होती. पण समोर ते दाभण आणि खुर्शीदबीचा रक्ताळलेला हात बघून तिचं तोंड पांढरं पडलं. तिनं वेणीची फीत सोडली, तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि बांधला. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. खुर्शीदबी सारखं म्हणत होती, “माफ कर बेटा, मैंने पूछा नहीं. रात को पूछना था.”

टीव्हीवर खेळ लागला तेव्हा यातलं काही दाखवलं नाही. जाऊ द्या.

मॅनेजर इतका घाबरला की, “ही गादी तेवढी परत न्या,” म्हणाला. जहीरभाईंनी मला एसटीच्या टपावर बांधलं. परतवाड्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मला अंगणात टाकलं. आशाबाई आपल्या घराकडे वळल्या, तशी खुर्शीदबीनं बांधलेल्याच हातानं त्यांचा पदर धरला.

“आशा, एक विचारू?”

“आता? दिवा लागला वं. सुई पाह्यजे का?”

“सुई नाही. खुशालभाऊ काहून बोलत नाहीत? चार दिवसांपासून तुयाकडे चूल पेटल्याचा वासबी येत नाही.”

आशाबाई होत्या तशाच माझ्यावर बसल्या. दुपारी ओंडक्याखाली ओरडणारी ती बाई तोंडात पदर कोंबून रडली. “मले भेव लागते, खुर्शीद,” म्हणाल्या. “रातभर मी त्याईचा हात धरून झोपतो. कोनाले सांगू?”

जहीरभाई उठून भिंतीपलीकडे गेले. थोड्या वेळानं खुशालरावांना हाताला धरून घेऊन आले आणि माझ्यावर बसवलं. खुर्शीदबीनं भाकरी टाकल्या. खुशालरावांनी आधी एक घास खाल्ला. मग एक शब्द बोलले, मग दोन. त्यानंतर कित्येक दिवस जहीरभाई त्यांना रोज संध्याकाळी असेच घेऊन यायचे. तेव्हापासून मी घरात आले, ती इथंच आहे.

आता मी चपटी झालेय. घरात फोमच्या गाद्या आल्यात आणि मला अडगळीत टाकायची बोलणी चालू असतात. टाकायचं तर टाका. पण अधूनमधून ऊन दाखवा, एवढंच मागणं. आणि मित्रांनो, तुम्ही जे आत्ता माझ्यावर उड्या मारताय, त्यातले निम्मे खुशालरावांचे नातू आहात. तेच खुशालराव, जे आत्ता पलीकडून ‘जेवायले या बे पोट्टेहो’ म्हणून बोंबलून राहिलेत. जा, जेवा. पण जाताना एक लक्षात ठेवा. कोणाला काही टोचतंय असं वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका. दिवा लागला असला, तरी विचारा.