झिऱ्याचे खळगे

हिमायतनगर सोडल्यापासून सुमनबाई नातीला एकच गोष्ट सांगत होती. गुहेत आत पाण्याचा झिरा आहे, झिऱ्याच्या कडेला दगडात घागरी टेकून टेकून पडलेले चार खळगे आहेत, आणि त्यातला सगळ्यात लहान तिचा. गावच्या विहिरीवर खालच्या वस्तीला पाय ठेवू देत नसत, म्हणून तिची माय आणि साऱ्या बायका या अंधारात उतरून पाणी भरायच्या. गावातलं कुत्रंसुद्धा तेव्हा इकडं फिरकत नव्हतं. लुंबिनी हो हो म्हणायची आणि मोबाईलमध्ये बघायची.

आता तिथं तिकीट होतं, लोखंडी जिना होता, रंगीत दिवे होते. बाटलेल्या जागेचं नशीब असं फळफळलं. दारातल्या फलकावर लिहिलं होतं की लाव्हारस वाहून गेला आणि मागं ही पोकळी राहिली. खाली खळग्यांचंही होतं. लाव्हारसातले बुडबुडे फुटून ते पडले म्हणे.

“आजी, इथं तर बुडबुडे लिहिलंय,” लुंबिनी म्हणाली.

“लिहिणाऱ्याच्या मायनं घागर वाहिली असती तर कळलं असतं त्याला.”

फलकापेक्षा सुमनबाईला नातीचाच राग आला. दहा-बारा पर्यटकांच्या मागं ती गुडघे धरत जिना उतरली. खळगे जागच्या जागी होते. लहानग्यात तिनं मूठ फिरवली, तर कड तशीच गुळगुळीत. तिचे डोळे भरून आले.

गाइड गावचाच होता, सुदाम नावाचा. “इथं ऋषीनं तप केलं, त्याचं हे तीर्थ हाय,” म्हणत तो गडूतलं पाणी पळीनं एकेकाच्या तळहातावर देत होता, अगदी हाताला पळी टेकवून. लोक डोळे मिटून पीत होते. लुंबिनीलाही मिळालं.

सुमनबाईजवळ येऊन तो म्हणाला, “आजी, इकडल्याच दिसता. कुणाच्या?”

“पंढरीची लेक मी. खालच्या वस्तीतल्या.”

सुदामचा चेहरा हसराच राहिला. पळी तेवढी वीतभर वर गेली. मायच्या ओंजळीत असंच वरून पाणी पडायचं. सुमनबाईनं हात मागं घेतला.

“वरून कशाला ओततोस बाबा? हे पाणी आमचं उष्टं हाय. याच खळग्यात घागरी टेकवून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या प्यालो, तोंडं धुतली. तुझा आजा इथला थेंब शिवत नव्हता. अन् तू समद्यायला पाजून राहिलास.”

मघाशी डोळे मिटून तीर्थ घेतलेल्या एका बाईनं ओला हात हळूच पदराला पुसला. मग पुन्हा एकदा पुसला.

लुंबिनीनं ते बघितलं. आजीच्या खळग्यांवर तिचा विश्वास बसला, तो तेव्हा.