नाकाकडे चालू

ब्रॉनविनने चाकूचे पाते रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या कुशीला टेकवले आणि पुन्हा उचलले.

बाल्साच्या हलक्या, पातळ लाकडावर बाबांनी सरकत्या बटणाची खाच शिसपेन्सिलीने आखून ठेवली होती. शेजारी बाण, बाणाच्या टोकाशी ‘चालू’. बाण विमानाच्या नाकाकडे होता.

“नेव्हकाका, हे बघ.”

बाबांबरोबर जन्मभर अशी विमाने उडवलेल्या नेव्हने चहाचा मग बाजूला ठेवला आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

“उलटा काढलाय. चालू कायम शेपटीकडे. उतरताना गवत बटणाला घासून मागे रेटतं, ते बंद व्हायला नको. व्हर्नच्याच, तुझ्या बाबाच्याच तोंडचं हे. मी एकदा चुकलो, तर भर क्लबात गाढव म्हणाला मला.”

“म्हणजे उन्हाळ्यातच बाबांचं...”

तिने पाते खाली ठेवले. जाण्याआधी शेवटी शेवटी ते शेजारणीचे नाव विसरत, किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवत. मेलबर्नला ती फोनवर त्यांचे हसणे ऐके आणि निर्धास्त होई. निदान उन्हाळ्यापर्यंत ते शाबूत होते, एवढे तिने धरून ठेवले होते. हे विमान उन्हाळ्यातले.

“होतं गं पोरी. मी परवा कवळी चहात बुडवली, बिस्किट समजून. तू आपली शेपटीकडे काप.”

तिने हुं केले, पण पाते उचलले नाही.

“चाकं कुठे बसतात याला?”

नेव्हने विमान उलटे केले. पोट गुळगुळीत होते.

“चाकं नाहीतच. हे हाताने फेकायचं.” त्याने ते पंखाखाली धरून वर नेले, कोपर अर्ध्यावरच अडले. “माझा खांदा गेला. व्हर्नचा माझ्याआधी. फेकणार कोण होतं, मांजर? धर बघू.”

तिने धरले. शाळेत असताना कापलेल्या गव्हातून धावत धरायची, तसेच. अंगठा आपोआप पेन्सिलीच्या चौकटीमागे येऊन टेकला.

तिने अंगठा पुढे सरकवून पाहिला.

“फेकताना जोर पुढे जातो,” ती हळूच म्हणाली. “अंगठा बटणाला नाकाकडे रेटणार.”

नेव्हने तिथे आपला अंगठा लावून पाहिला. तो चौकटीच्या पार पलीकडे गेला; माप तिच्या हाताचे होते.

“आणि गवताने बंद झालं तर?” तिने विचारले.

“तोवर उतरलेलं असेल की!” तो हसला, मग चष्मा काढून उगाच पुसत बसला. “गाढव मीच, लेका व्हर्न.”

पाते आखलेल्या रेघेवरून सरळ गेले. लाकडाचा छोटा तुकडा तिच्या तळहातावर पडला.

“रविवारी वारा कुठून आहे?”

“दक्षिणेकडून. पण तू शनिवारच्या गाडीने निघणार होतीस ना?”

“होते,” ती म्हणाली आणि खाचेतला भुसा फुंकला.