चंद्रीचा आडोसा

"तीन झाली!" सिताबाई म्हणाली, आणि म्हणेपर्यंत दोनच राहिली.

फोनवर बघायला आलेलं माणूस दारातूनच का परत गेलं, हे तिला कळेना. जमिनीत रोवलेल्या दुफाटी काठीच्या, बाभळीच्या दुबेळक्यात फोन अडकवून, लाइव्ह लावून ती त्याच्यासमोर शेवरीचा पाला तोडत बसली होती. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा दिसतो. तो चढला की ती पदर सावरून बसायची आणि उतरला की तिचे हात पाल्यावरच थबकायचे. उरलेल्या दोघींतली एक तिची भाची, सृष्टी. ती सोलापूरला नर्सिंग शिकत होती, आणि मावशीला अगदीच एकटं वाटू नये म्हणून फोन लावून ठेवून बाजूला पुस्तक वाचत बसायची. म्हणजे खरी बघणारी एकच, शांतम्मा.

ही शांतम्मा कोण, ते सिताबाईला धड माहीत नव्हतं. अक्कलकोटच्या पलीकडं कुठंतरी राहते, गुडघे गेल्यामुळं खाटेवरच असते, लहानपणी माहेरी शेळ्या होत्या, एवढंच तिनं लिहून कळवलं होतं. पण पहिल्या दिवसापासून येत होती. आत्ताही तिनं लिहिलं, "अक्का, पाला ओला दिसतो. वाळवून घाल."

"व्हय अक्का, वाळवूनच घालते," सिताबाई फोनला म्हणाली. मग गप्प बसून चालत नाही हे आठवून घाईघाईनं पुढं म्हणाली, "ही शेवरी हाय. शेळ्यास्नी लई आवडती." एवढं बोलून झाल्यावर पुढं काय, ते सुचेना. उभ्या जन्मात कुणी तिला इतका वेळ बोलू दिलं नव्हतं. आता बोला म्हटल्यावर शब्द कुठून आणायचे?

हे खूळ तिच्या डोक्यात दिवाळीनंतर शिरलं होतं. तिचा नवरा धुळाप्पा जळकोटजवळच्या ज्या माळावर शेळ्या चारायचा, तिथं तारेचं कुंपण पडलं आणि आत उन्हावर वीज करणाऱ्या काळ्या पाट्या उभ्या राहिल्या. चारायला लांब जावं लागू लागलं, आणि त्या चालण्यानं धुळाप्पाचा गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला. गावच्या शरणबसप्पा शेठचं सोलापुरात गोडाऊन होतं. दोघं नवरा-बायको राखणीला या, फाटकाजवळची खोली देतो, असं शेठ म्हणाले. शेळ्या मात्र आणायच्या नाहीत.

धुळाप्पाला ते पटलं. सिताबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. लग्नात बापानं तिला एक काळी शेळी आंदण दिली होती. बाप गेला, ती शेळीही केव्हाच गेली, पण कळपातली निम्मी तिचीच लेकरं-नातवंडं होती. ही बाजारात उभी करून आपण सोलापुरात फाटक उघडायचं आणि लावायचं, हे तिला सोसवेना.

तेव्हा सृष्टी म्हणाली होती, "मावशी, लोक लाइव्हवर शेळ्या बघतात आणि पैदाशीसाठी लांबून घरी येऊन घेऊन जातात. काकांनी मग कशाला माळ तुडवायचा? गोठ्यातच पाला घाला."

धुळाप्पा मोठ्यानं हसला होता. "शंभर माणसं एका टायमाला तुझ्या शेळ्या बघाया लागली की मी शेठला न्हाय म्हणून सांगतो. न्हायतर मुकाट्यानं बोचकं बांधायचं."

तो थट्टेत बोलला, पण सिताबाईनं शब्द धरून ठेवला. तेव्हापासून ती रोज दुपारी दुबेळकं रोवून बसत होती, आणि आकडा काही दोन-तीनच्या पुढं सरकत नव्हता. आणि आज शेठचा फोन यायचा होता. सांजच्याला काय ते पक्कं सांगा, असा निरोप होता.

तिनं हळूच मागं वळून पाहिलं. मागं चंद्री बांधलेली होती.

खरं तर चंद्री तिथं असायला नको होती. काळी कुळकुळीत, लांब लोंबत्या कानांची, कपाळावर पांढरा चांद असलेली चंद्री ही कळपाची शोभा, आणि ती आज-उद्या व्यायला झाली होती. या घरात गाभण शेळीचे दिवस भरत आले की तिला गोठ्याच्या कोपऱ्यात नेऊन पुढं पोतं सोडायची रीत होती. सासू होती तोवर शेजारणीसुद्धा बाहेरून खाकरल्याशिवाय तिकडं येत नसत. बाळंतपण बघायची गोष्ट नाही, एवढंच सासू म्हणायची. सासू जाऊन वर्षं झाली, तरी धुळाप्पा अजून त्या पोत्यासमोरून जाताना मान खाली घालायचा.

पण सकाळी सृष्टीनं फोनवर सांगितलं, "सगळ्यांत देखणी शेळी पुढं बांध मावशी. लोक तिच्यासाठी थांबतील."

"चंद्री आडोशाला हाय गं."

"मग? पोतं जरा वर कर की. एका दिवसानं काय होतंय?"

धुळाप्पा कळप घेऊन गेला आणि सिताबाईनं पोतं काढलं. चंद्रीला मधल्या खांबाला आणून बांधलं. ती सारखी कोपऱ्याकडं ओढ घेत होती आणि पडद्यातून निघून जात होती, म्हणून दावं आखूड केलं. सासूच बघते आहे असं वाटत होतं. पण फाटकाजवळची खोली डोळ्यांपुढून हलत नव्हती.

आणि आता आकडा चढायला लागला. पाच झाले, मग अकरा. कुणी लिहिलं, "जात एक नंबर." कुणी लिहिलं, "काळ्या शेळीचं वय किती?" सिताबाई मोठमोठ्यानं नावं वाचू लागली, या बसा म्हणू लागली. वाचायला वेळ लागायचा, तोवर खालून नवीन ओळी यायच्या. पुढं बघता बघता मागं बघायचं ती विसरून गेली.

"ताई, मागची शेळी बघा," कुणीतरी लिहिलं.

तिला वाटलं, शेळीलाच नावाजतायत. "ती आमची चंद्री," ती कौतुकानं म्हणाली.

"ताई, मागं बघा. शेळी पडली."

सिताबाईनं पाला टाकला आणि वळली. चंद्री आडवी पडली होती. पोट ताठ झालं होतं, डोळे ताणले होते. पिशवी फुटून जमीन ओली झाली होती, आणि कळा बऱ्याच वेळाच्या असाव्यात, कारण शेळी पार दमून गेली होती. सिताबाईनं खाली बसून पाहिलं. करडाचा एकच पाय बाहेर दिसत होता. दुसरा आत मुडपला होता.

असं तिनं पूर्वी सोडवलं होतं. तेल लागतं, कोमट पाणी लागतं, आणि आपलं मन थाऱ्यावर लागतं. ती धावत चुलीकडं गेली, पाणी चढवलं, तेलाची बाटली घेऊन आली. येताना तिची नजर फोनकडं गेली.

आकडा चाळिसाच्या पुढं होता.

कुणीतरी पुढं पाठवलं असणार. ओळी भराभर सरकत होत्या. कुणी डॉक्टरला बोलवा म्हणत होतं. कुणी हसण्याची चित्रं टाकत होतं. एकानं लिहिलं, "आता जाते ही." दुसऱ्यानं लिहिलं, "नाही जात, लावतो का पैज?" आणि खूप जण एकच लिहीत होते, "फोन जवळ घ्या. नीट दिसत नाही."

सिताबाई तेलाची बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. साठ झाले, सत्तर झाले. चंद्री मागं कण्हत होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, अजून थोडे, फक्त अजून थोडे.

तिनं दुबेळकं उपटलं आणि चार पावलं पुढं नेऊन रोवलं.

मग ती चंद्रीजवळ बसली. हाताला तेल चोळताना तिनं पुन्हा वर पाहिलं, आणि आकडा शंभरावर गेलेला होता. धुळाप्पानं मागितलेले शंभर. तिला हसू येईना, रडू येईना. "बघा," ती कुणाला तरी म्हणाली, "बघा, झाली शंभर."

तेवढ्यात चंद्रीनं जोर केला. कळ देण्यासाठी नाही, उठण्यासाठी. पुढचे पाय रोवून ती कोपऱ्याकडं जायला बघत होती, जिथं सकाळपर्यंत तिचं पोतं होतं. दावं आखूड होतं. ते तिच्या गळ्याला रुतलं, डोळे बाहेर आले, आणि तरी ती तिकडंच ओढत राहिली. तोंड भिंतीला मिळावं, एवढंच तिला हवं होतं.

सिताबाईनं तेलाचे हात लुगड्याला पुसले. शेळीला लाज असते का, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं हसून उडवलं असतं. आता मात्र तिला स्वतःचीच शरम वाटली, इतकी की डोक्यावरचा पदर तिनं आणखी पुढं ओढला.

"आगं माझे बाई," ती म्हणाली, आणि तिनं दावं सोडलं. अंगाचा टेकू देत चंद्रीला कोपऱ्यात नेलं. पोतं जसं हाताला लागलं तसं खिळ्याला अडकवलं. फोन बंद करायला ती थांबली नाही. तो बाहेर उभा राहून पोत्याकडं बघत राहिला.

आत अर्धवट अंधार होता. बोटांनी चाचपून तिनं मुडपलेला पाय शोधला, सरळ केला, आणि कळ येईल तसं हळूहळू ओढलं. पहिलं करडू बाहेर आलं ते गपगार होतं. तिनं त्याचं नाक पुसलं, फुंकर घातली, पाय धरून झोके दिले. ते हललं नाही. मग दुसरं आपल्या पायानं आलं, ओलं, थरथरतं, आणि आल्याबरोबर ओरडलं. चंद्रीनं मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली, तेव्हा सिताबाईनं इतका वेळ धरून ठेवलेलं रडं सोडलं.

ती बाहेर आली तेव्हा उन्हं कलली होती. फोन अजून चालूच होता. "हे काय, पोतं बघायला बसलोय का?" "फसवलं" अशा ओळी वर कुठंतरी राहिल्या होत्या. कोपऱ्यात आकडा होता, एक.

खाली शांतम्माची ओळ होती. "अक्का, सुटली का?"

"सुटली," सिताबाई म्हणाली. "एक गेलं. एक हाय."

मग ओळ उमटली, "तू च्या पी आता."

धुळाप्पा लंगडत कळप घेऊन आला. मधल्या खांबाचं आखूड दावं, वाकडं लटकणारं पोतं, समोर रोवलेलं दुबेळकं, सगळं त्यानं एका नजरेत पाहिलं. सिताबाईला वाटलं, आता ओरडतो. ओरडला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

"किती व्हती?" त्यानं विचारलं.

"शंभराच्या वर गेली."

"मग?"

"मग म्या पोतं सोडलं."

त्यानं दुबेळकं उपटून भिंतीला टेकवलं. मेलेलं करडू फडक्यात गुंडाळून बांधाकडं नेलं. परत येऊन हात धूत होता तेव्हाच त्याचा फोन वाजला. शेठच होते. सिताबाई चुलीपाशी बसून ऐकू लागली, आणि तिच्या हातातल्या तीन काड्या विझल्या.

"व्हय शेठ," धुळाप्पा म्हणाला. "न्हाय शेठ, आत्ता येणं व्हायचं न्हाय. घरात बाळंतीण हाय."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"आमची चंद्री," तो म्हणाला. "व्हय, शेळी. तिला टाकून कसं यावं?"

शेठ चिडले असावेत. धुळाप्पा गुडघा चोळत ऐकत राहिला. "तर मग दुसरं माणूस बघा शेठ. आमी काय म्हणणार?" फोन खाली ठेवून तो म्हणाला, "तेल उरलंय का? गुडघ्याला लाव."

"उद्या कुठं नेणार चाराया?" तिनं तेल चोळताना विचारलं.

"बघू," तो म्हणाला. त्याला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दुबेळकं पुन्हा रोवलं, फोनची पोत्याकडं पाठ होईल असं. आज सुरुवातीलाच वीसेक माणसं आली. "कालची शेळी दाखवा. जगली का?"

"जगली," सिताबाई म्हणाली. "पर ती आडोशाला हाय. हिंडाया लागली की दावीन."

"आत्ता दाखवा की ताई, एक मिनिट."

"न्हाय."

माणसं उठून जाऊ लागली. दहा राहिली, सहा राहिली. तिनं पाल्याची फांदी घट्ट धरली आणि वर बघायचं नाही असं ठरवलं. तरी बघितलंच. तीन होती. एक सृष्टी असणार, दुसरी शांतम्मा. तिसरं कोण, ते काही कळलं नाही.

"बरं," शांतम्मानं लिहिलं होतं. "मी थांबते."

सिताबाई पाला तोडत राहिली. मागं पोत्याआडून करडू ओरडलं, चंद्रीनं त्याला ओ दिली, आणि आकडा होता तिथंच राहिला.