लव्हर्नचे सापळे

माझा धाकटा भाऊ डेलमार हट्टी. मिझुरीतल्या त्याच्या शेतावर तळं आहे, म्हणजे होतं. त्याच्या सासऱ्याने ओढ्याला मातीचा बांध घालून ते केलेलं. डेलमारची बायको लव्हर्न दर हिवाळ्यात बांधाच्या कडेने सापळे लावून पाणउंदीर धरी. डेलमारला ते बघवत नसे. एकदा चर्चच्या जेवणात सगळ्यांदेखत तो तिला म्हणाला, "तुझ्या हाताला रक्ताचा वास येतो." ती नुसती हसली आणि बटाट्याची कोशिंबीर वाढत राहिली.

लव्हर्न वारली आणि सापळे माळ्यावर पडले. संध्याकाळी डेलमार काठावर खुर्ची टाकून बसे.

"ताई, बघ, पाणउंदराची मादी पिल्लं घेऊन निघालीय. मला आता हीच सोबत."

"सोबत हवी तर कुत्रा पाळ. हे मेले बांध पोखरतात."

"तूही लव्हर्नसारखीच बोलायला लागलीस."

यंदा बर्फ वितळलं आणि बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपू लागलं. गढूळ पाणी, म्हणजे आतून माती वाहत होती. खालच्या अंगाला रोस्को हेगनचं घर, त्यात त्याच्या नातीचं तान्हं बाळ. रोस्को खोदायचं मशीन घेऊनच आला.

"आज आपण फोडला नाही तर उद्या तो आपणहून फुटेल. माझ्या स्वयंपाकघरात मासे नकोत मला."

डेलमारने काठावरची खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "फोड."

रोस्कोने एका टोकाला चर काढून पाणी हळूहळू सोडलं. तळं रिकामं झालं तसा बांधाचा आतला उतार उघडा पडला. जिकडेतिकडे बिळं. डेलमार चिखलात उतरला. दुसऱ्या टोकाकडची जुनी बिळं मात्र गोटे आणि चिकणमाती ठासून बुजवलेली होती. तिथे बांध अजून धड होता.

"हे कोणी केलं?"

"लव्हर्नने. उन्हाळ्यात पाणी उतरलं की करायची. तू तेव्हा घरात घोरत असायचास," मी काठावरून म्हणाले.

"मला कधी बोलली नाही."

"बोलली असती तर तू उंदरांची बाजू घेतली असतीस."

मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती.

"मला वाटायचं, तिला मारायला आवडतं," तो म्हणाला. मग वाकून त्याने एका बिळातला गोटा ओढून पाहिला. गोटा हलला नाही.